जुन्या कॉलेज फुटबॉल खेळाडू-कोचचे फोटो हातात आले तर काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लंबगोल बॉल पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्याने धरून पाडायचं तो, आणि काळ साधारण १८७० पासून १९२० च्या दशकापर्यंतचा धरा. म्हणजे ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकला रटगर्सने प्रिन्सटनला ६-४ हरवलं तिथपासून ते मोठमोठी काँक्रीटची स्टेडियमं उभी राहिली तिथपर्यंत. या काळातल्या एखाद्या माणसाचा फोटोसंग्रह, कुणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत निघालेला असो, लिलावात अख्खा लॉट म्हणून घेतलेला असो, हातात आला की बहुतेक लोक पहिल्या तासाभरातच त्याची वाट लावतात. वाईट हेतूने नाही, उत्साहाने. फोटो अल्बममधून काढतात, "चांगले" आणि "बाकीचे" असे ढीग करतात, मागे बॉलपेनने नावं लिहितात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

माझं पूर्ण लिखाण एकाच गोष्टीभोवती आहे ती आधीच सांगतो: खेळाडू म्हणून काढलेले फोटो आणि कोच म्हणून काढलेले फोटो एकमेकांपासून तोडू नका. त्या काळी माणूस एका कॉलेजात खेळायचा आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कॉलेजात एकेक सीझन कोचिंग करत फिरायचा. फील्डिंग योस्ट बघा, १८९७ ला ओहायो वेस्लियन, १८९८ ला नेब्रास्का, १८९९ ला कॅन्सस, १९०० ला स्टॅनफर्ड, आणि १९०१ ला मिशिगनला पोचला तेव्हा कुठे स्थिरावला. जॉन हाइझमन ब्राउन आणि पेन्सिल्व्हेनियाकडून खेळला, मग ओबरलिन, ऑबर्न, क्लेमसन, जॉर्जिया टेक असा फिरत राहिला. पज हेफेलफिंगर येलचा गार्ड (ही पुढच्या फळीतली खेळायची जागा), १२ नोव्हेंबर १८९२ ला अलेघनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनकडून ५०० डॉलर घेऊन खेळला (पैसे घेऊन खेळलेला पहिला माहीत असलेला खेळाडू तोच), आणि पुढच्या तीन वर्षांत कॅलिफोर्निया, लीहाय, मिनेसोटा असं कोचिंग. अशा माणसाचे फोटो वेगवेगळ्या कॉलेजांच्या कलेक्टरना सुटे सुटे विकले की प्रत्येक फोटो नुसता "अनोळखी टीम" होऊन बसतो. एकत्र असले तर तोच चेहरा पाच वेगवेगळ्या स्वेटरमध्ये दिसतो आणि एका फोटोवरून दुसऱ्याची ओळख पटते.

पहिले दोन दिवस फक्त बघायचं

हात धुवा, कोरडे करा. प्रिंट कडेने धरा, निगेटिव्ह आणि काचा असतील तर नायट्राइलचे हातमोजे घाला. टेबलावर खाणंपिणं नाही, पेन नाही, फक्त पेन्सिल. आणि मग काहीही हलवायच्या आधी मोबाइलने फोटो काढा: बॉक्स बंद असताना, उघडल्यावर, प्रत्येक थर, अल्बमचं प्रत्येक पान पूर्ण, पाकिटावर काही लिहिलं असेल तर तेही. कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. १९०१ च्या टीमफोटोच्या पाकिटात एका बाईचं पोर्ट्रेट निघालं तर ती कदाचित त्याची होणारी बायको असेल, आणि ते पाकीट फेकलं की हा धागा कायमचा गेला.

त्या काळचे कॉलेजातले पोरं मेमरी बुक म्हणजे स्क्रॅपबुक ठेवायचे, त्यात फोटोंबरोबर मॅचची तिकिटं, तारा, डान्स कार्ड, पेपरची कात्रणं, रिबिनी सगळं चिकटवलेलं. यातनं फोटो उपटून काढायचे नाहीत. पान तुटायला आलं असलं, कागद काळा पडून कुरकुरीत झाला असला तरी नाही. पानापानांमध्ये पातळ आम्लरहित कागद घाला, अख्खं पुस्तक मापाच्या खोक्यात आडवं ठेवा. अपवाद एकच, घरच्या कुणीतरी १९६०-७० च्या दशकात सगळे जुने फोटो त्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये लावले असतील तर ते हळूहळू काढावे लागतात कारण तो गोंद आणि ते प्लास्टिक दोन्ही घातक. दात साफ करायचा फ्लॉस, साधा, मेण आणि वास नसलेला, फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवत न्यायचा. जिथे अडेल तिथे थांबायचं, ओढायचं नाही, आणि फोटो खरंच मोलाचा असेल तर सरळ फोटो कॉन्झर्व्हेटरकडे (जुने फोटो दुरुस्त आणि जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्यायचा.

हातात नेमकं काय आहे ते ओळखा

पत्र्यावरचा फोटो असेल, चुंबक चिकटत असेल तर टिनटाइप. लक्षात ठेवा, टिनटाइपमध्ये चित्र आरशासारखं उलटं असतं, त्यामुळे छातीवरचं अक्षर उलटं दिसलं तर गोंधळू नका, आणि कोण कुणाच्या डावीकडे हे लिहिताना तर अजिबात गोंधळू नका. पुठ्ठ्यावर चिकटवलेला साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा असेल तर कॅबिनेट कार्ड, आणि या काळातल्या संग्रहात हेच सगळ्यात जास्त सापडणार. त्याहून छोटं, अडीच बाय चार इंचाच्या आसपासचं, ते कार्ट-द-व्हिझिट. टीमफोटो मात्र मोठे असतात, जाड पुठ्ठ्यावर, भिंतीवर लावायला केलेले.

१८८० च्या दशकात गडद पुठ्ठे, काळे किंवा मरून, त्यावर सोनेरी अक्षरात स्टुडिओचं नाव, असे बरेच दिसतात. १८९० च्या आसपास कंगोरेदार कडा येतात. १९०० नंतर करड्या, मंद रंगाचे, दाबून उठवलेल्या अक्षरांचे पुठ्ठे. पण स्टुडिओवाले जुना माल संपेपर्यंत वापरायचे, तेव्हा पुठ्ठ्यावरून दशक ठरवा, वर्ष नाही. कागदसुद्धा बोलतो. अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेले) प्रिंट पातळ कागदावर, उजळ भाग पिवळट पडलेले, भिंगातून बघितलं तर बारीक भेगांचं जाळं. नंतरचे जिलेटिनचे प्रिंट काळ्या-पांढऱ्याकडे झुकणारे, आणि तिरक्या उजेडात गडद भागांवर निळसर आरशासारखी चमक आलेली दिसते, ती चांदी वर येते म्हणून. ती पुसायची नाही! तो मळ नव्हे.

पोस्टकार्डावर छापलेले खरे फोटो असतील तर मागची बाजू आधी बघा. अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून पोस्टकार्डाच्या मागे उभी रेघ आली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. रेघ नसली तर बहुधा त्याआधीचं. स्टँप लावायच्या चौकोनात अ‍ॅझो (हे फोटोच्या कागदाचं नाव) लिहिलेलं असेल तर चार कोपऱ्यांतले त्रिकोण बघा: चारही वर टोक केलेले असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर साधारण १९१८ ते १९३०.

निगेटिव्ह निघाल्या तर इथे खरंच सावध व्हा. १८८९ पासून साधारण १९५० च्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच फिल्म नायट्रेटच्या होत्या, आणि नायट्रेट पेट घेतो, एकदा पेटला की पाण्याने विझत नाही. कडेला "सेफ्टी" असं छापलेलं असेल तर तो धोका नाही. नसेल, आणि फिल्म पिवळी, चिकट झाली असेल, उग्र वास येत असेल, तर ती बाकीच्या संग्रहापासून वेगळी करा, बंद हवाबंद डब्यात कोंडू नका, माळ्यावरच्या उष्णतेत ठेवू नका, आणि जवळच्या युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हला (जुने कागद-फोटो सांभाळणाऱ्या विभागाला) फोन करून विचारा. पेटवून "टेस्ट" करायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. व्हिनेगरचा वास येणारी फिल्म अ‍ॅसिटेटची असते, ती पेटत नाही पण आकसत जाते आणि शेजारच्यांनाही बिघडवते, तीही वेगळी.

तारीख ठरवायची खरी मजा: खेळाचे नियम

फोटोत कपडे बघून तारीख सांगणारे खूप आहेत, पण फुटबॉलच्या फोटोला एक फायदा आहे जो साध्या फॅमिली फोटोला नाही. खेळाचे नियम जवळपास दरवर्षी बदलत होते आणि ते बदल मैदानावर, अंगावर, बॉलवर दिसतात.

मैदान दिसत असेल तर आधी गोलपोस्ट कुठे रोवलेत ते बघा. १९२७ पर्यंत कॉलेजमध्ये ते गोललाइनवरच होते, त्या वर्षी मागे, एंड झोनच्या (गोललाइनमागच्या पट्ट्याच्या) शेवटच्या रेषेवर गेले. मग रेघा. आडव्या रेघांबरोबर उभ्या रेघाही आखलेल्या, म्हणजे मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं चौकोनी दिसत असेल तर साधारण १९०३ ते १९०९. कारण असं की आधी क्वार्टरबॅकला (सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, बॉल मागे ज्याच्याकडे देतो त्याला) बॉल घेऊन पळायचं तर सेंटरपासून पाच यार्ड बाजूला जाऊन मगच दोन टीममधली रेषा ओलांडायची परवानगी होती आणि १९०६ ला फॉरवर्ड पास (बॉल पुढे फेकणं) आला तोही त्याच अटीवर, मग पंचाला मोजायला उभ्या रेघा लागल्या. १९१० ला नियम सैल झाले, रेघा गेल्या. १९१२ ला मैदान ११० यार्डांचं १०० यार्डांचं झालं, दहा-दहा यार्डांचे एंड झोन आले, टचडाउनचे (बॉल घेऊन समोरच्याच्या गोललाइनपलीकडे पोचण्याचे) पाचचे सहा गुण झाले.

हे गुण लक्षात ठेवा कारण टीमफोटोत कॅप्टनच्या मांडीवरच्या बॉलवर बऱ्याचदा वर्ष किंवा स्कोर रंगवलेला असतो. १८९८ पासून १९११ पर्यंत टचडाउनला ५ आणि नंतरच्या किकला १, म्हणजे एका टचडाउनचे पूर्ण ६. त्यामुळे ७-० असा स्कोर असेल तर १९१२ नंतरचा असण्याची शक्यता बरीच जास्त (आधी व्हायचा तर टचडाउन आणि सेफ्टी, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोललाइनमागे पाडल्याचे गुण, असं काहीतरी जुळून यावं लागेल). ५-० असेल तर १८९८ नंतरचं किक हुकलेलं टचडाउन असेल किंवा फील्ड गोल (खेळातच बॉल लाथेने गोलपोस्टमधून मारणं), कारण १९०३ पर्यंत फील्ड गोललासुद्धा ५ गुण होते, १९०४ ला ते ४ झाले आणि १९०९ ला ३. बॉलचा आकारही बघा, जितका फुगीर, कलिंगडासारखा, तितका जुना. पास फेकायला सोपा जावा म्हणून तो टप्प्याटप्प्याने बारीक होत गेला, आजच्या मापाला १९३४ ला आला.

अंगावरचं: १८८० च्या दशकात कॅनव्हासची घट्ट, पुढून नाडीने बांधलेली जाकिटं. १८९० च्या दशकात लांब वाढवलेले केस, हे फॅशन म्हणून नव्हे तर डोक्याला मार कमी लागावा म्हणून, आणि गळ्यात लोंबणारा रबराचा नाक-रक्षक, जो फोटोसाठी नाकावरून खाली ओढलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं हे काय शिट्टी अडकवलीय. हेल्मेट मात्र फसवतं. १८९३ च्या आर्मी-नेव्ही मॅचला जोसेफ रीव्हजने अ‍ॅनापोलिसच्या चांभाराकडून डोक्याला संरक्षण बनवून घेतलं होतं, आणि कॉलेजमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं थेट १९३९ ला. म्हणजे मधली पंचेचाळीस वर्षं काही जण घालायचे, काही नाही. हेल्मेट नाही म्हणून फोटो जुना असं म्हणता येत नाही. नंबरचंही तसंच, पाठीवर नंबर असेल तर १९०८ च्या आधीचा असण्याची शक्यता फारच कमी, पण नंबर नसणं यातून काही सिद्ध होत नाही, पुढे-मागे दोन्हीकडे नंबर सक्तीचे झाले १९३७ ला. सरळ नियम असा की दिसणारी वस्तू तारीख सांगते, न दिसणारी सांगत नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे घसरतात ते सांगतो. स्वेटरवर "९६" लिहिलंय, म्हणून फोटो १८९६ चा, असं धरलं जातं. कॉलेजात वर्गावर्गांच्या मॅच व्हायच्या, फ्रेशमन विरुद्ध सोफोमोर, म्हणजे पहिलं वर्ष विरुद्ध दुसरं, आणि स्वेटरवरचा आकडा असायचा पदवी मिळण्याच्या वर्षाचा. म्हणजे "९६" घातलेली फ्रेशमन टीम १८९२ च्या हिवाळ्याआधीच्या सीझनची असू शकते. बॉलवरचा आकडा बहुतेक सीझनचा, स्वेटरवरचा आकडा वर्गाचा असू शकतो. दोन्ही एकाच फोटोत वेगळे दिसले तर घाबरू नका, उलट दोन बाजूंनी पुरावा मिळाला.

कोच कोणता?

टीमफोटोत सुटाबुटातला, डोक्यावर बोलर हॅट घातलेला माणूस दिसला की लोक खाली "कोच" लिहून मोकळे होतात. १८८० च्या दशकात बऱ्याच कॉलेजांना पगारी कोच नव्हताच, टीम कॅप्टन चालवायचा, सराव घ्यायचा, कोण खेळणार ते ठरवायचा. सुटातला तो पोरगा बहुधा स्टुडंट मॅनेजर, जो तिकिटं, गाड्या, पैसा बघायचा. दुसरा वयस्कर, बाह्या वर केलेला, हातात टॉवेल नाहीतर बाटली, तो ट्रेनर. पायाशी बसलेलं लहान पोर मॅस्कॉट, टीमचं शुभचिन्ह. आणि कोच असलाच तर कित्येकदा तो खेळाडूंच्याच कपड्यात असतो! अमॉस अलोन्झो स्टॅग, येलचा एंड (फळीच्या टोकाचा खेळाडू), १८८९ च्या पहिल्या ऑल-अमेरिका टीममधला (देशातले त्या वर्षीचे सर्वोत्तम खेळाडू निवडून केलेली कागदावरची टीम), १८९२ ला शिकागो युनिव्हर्सिटीत कोच म्हणून आला आणि त्या पहिल्या सीझनला स्वतःच टीममधून खेळलासुद्धा. त्याआधी स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्येही तो असाच खेळत-शिकवत होता, आणि त्या टीमचा सेंटर होता जेम्स नेस्मिथ, पुढे बास्केटबॉल काढला तोच.

अजून एक, कोच झालेला माणूस आपल्या जुन्या कॉलेजचा स्वेटर वर्षानुवर्षं घालायचा, सरावाला तर हमखास. म्हणून मधोमध एकाच्या छातीवर "वाय" आणि बाकी सगळ्यांवर दुसरंच अक्षर असेल तर तो बहुधा येलहून आलेला कोच. एकटा माणूस "वाय" घालून उभा असेल तर मात्र तो येलमध्येच आहे असं धरू नका, मागचं मैदान बघा.

समजा एक फोटो घेऊ आणि तो वाचू. कॅबिनेटपेक्षा मोठा, करड्या पुठ्ठ्यावर, एकोणीस माणसं तीन रांगांत. मागे रंगवलेला पडदा, झाडं आणि धूसर तळं, खाली गवत म्हणून पसरलेला पेंढा, म्हणजे स्टुडिओ. अकरा खेळाडू आणि काही राखीव असा हिशोब बसतो, म्हणजे १८८० नंतरचं, कारण त्याच वर्षी पंधराचे अकरा झाले. मधला बसलेला, मांडीवर बॉल, तो कॅप्टन. आता भिंग घ्या आणि कॅप्टन सोडून कानांकडे बघा. चेहरा मिशीने, केसांनी, वयाने बदलतो, कानाची पाळी आणि वरची कड त्यामानाने फारशी बदलत नाही. तुमच्याकडे त्याचा कोचिंगच्या काळातला पक्की ओळख असलेला फोटो असेल तर दोन्हीचे कान मोठे करून शेजारी ठेवा. नाक मोडलेलं असेल तर अजून सोपं, आणि या खेळात नाकं मोडायचीच. दुसऱ्या रांगेतल्या एकाच्या हाताला पट्टी आहे? त्या आठवड्याच्या पेपरात कुणाच्या हाताला लागलं ते शोधा, सापडलं तर तारीख महिन्यापर्यंत आली.

येलच्या कॅप्टनांचा एक ठरलेला फोटो असतो, लाकडी कुंपणाच्या दांडीवर बसलेला एकटा माणूस. ते कुंपण मैदानातलं नाही, न्यू हेवनच्या पॅक ब्रदर्स स्टुडिओत ठेवलेला येलच्या कुंपणाचा तुकडा आहे, आणि त्यावर बसून फोटो काढायचा मान कॅप्टनचा. संग्रहात असा फोटो निघाला तर तो माणूस येलच्या कुठल्यातरी टीमचा कॅप्टन होता हे जवळजवळ पक्कं, फक्त फुटबॉलचाच की रोइंगचा, बेसबॉलचा, ते बघून घ्या.

कार्लाइलचे फोटो असतील तर जास्त काळजी घ्या. पेन्सिल्व्हेनियातलं कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल (इंडियन म्हणजे इथे अमेरिकेतले मूळ रहिवासी) १८७९ ते १९१८ चाललं, पॉप वॉर्नर तिथे कोच होता, नावाजलेला खेळाडू जिम थॉर्प तिथलाच. पण ती पोरं घरापासून तोडून आणलेली होती, नावं बदललेली, केस कापलेले. कॅटलॉगमध्ये शाळेने लावलेलं नाव तर लिहाच, पण त्यांचं मूळ नाव आणि जमात सापडली तर तीही लिहा. डिकिन्सन कॉलेजने कार्लाइलच्या विद्यार्थ्यांचे रेकॉर्ड ऑनलाइन ठेवलेत, तिथे शोधा. त्या फोटोतल्या कुणाचे तरी वंशज आज तो चेहरा शोधत असतील.

तसंच विल्यम हेन्री लुइस, अ‍ॅमहर्स्टचा कॅप्टन, नंतर हार्वर्डचा सेंटर, १८९२ आणि १८९३ चा ऑल-अमेरिकन, तो मान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि पुढे हार्वर्डला कोचिंगही केलं. त्या काळच्या टीमफोटोत असा एखादा चेहरा दिसला आणि मागे नाव नसेल तर "अनोळखी" लिहून पुढे जाऊ नका, वेळ द्या, कारण त्या वर्षांत अशा खेळाडूंची संख्या कमी होती आणि पेपरवाले त्यांच्याबद्दल लिहायचे, नाव सापडायची शक्यता चांगली असते.

शोधायचं कुठे

स्टुडिओचं नाव आणि गाव पुठ्ठ्यावर असेल तर त्या शहराच्या जुन्या सिटी डिरेक्टरी (नाव-पत्त्यांची पुस्तकं) बघा, तो फोटोग्राफर त्या पत्त्यावर कुठल्या वर्षी होता ते कळतं आणि कालावधी एकदम आखडतो. कॉलेजांची जुनी इयरबुकं इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन लायब्ररींवर भरपूर आहेत. स्पॉल्डिंग या खेळसाहित्याच्या कंपनीच्या वार्षिक फुटबॉल गाइडमध्ये टीमफोटो यायचे आणि त्यात प्रत्येकाच्या अंगावर छोटा आकडा टाकून खाली नावं दिलेली असायची. तुमच्याकडचा मूळ प्रिंट नेमका तोच निघाला तर एका झटक्यात अख्ख्या टीमची नावं मिळाली. पेपरांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका, फुकट आहे. त्याच लायब्ररीत बेन न्यूज सर्व्हिस या फोटो एजन्सीच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत, साधारण चाळीस हजार, त्यात फुटबॉलवाले बरेच. या खेळाचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कँपचे कागद येलला, स्टॅगचे शिकागोला. तुमचा माणूस यांच्यापैकी कुणाच्या हाताखाली खेळला असेल तर पत्रव्यवहारात नाव असू शकतं, तिथल्या अर्काइव्हवाल्यांना ईमेल करा, ते लोक मनापासून मदत करतात, फक्त प्रश्न नेमका विचारा, फोटोची दोन्ही बाजूंची स्कॅन जोडा.

लिहायचं कसं

साधं स्प्रेडशीट पुरतं. प्रत्येक वस्तूला नंबर, प्रकार, माप, पुढे काय दिसतं, मागे काय लिहिलंय ते जसंच्या तसं (स्पेलिंग चुकलं असेल तर चुकीचंच), शिक्के, कुठे सापडलं, आणि तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात. हा वेगळा रकाना फार महत्त्वाचा. मागे पेन्सिलीने लिहिलेलं नाव हा पुरावा आहे, पण तोही १९५० ला नातीने आठवणीने लिहिलेला असू शकतो. कानावरून तुम्ही ओळखलंत तो तुमचा निष्कर्ष. दोन्ही एकात मिसळलं की पुढच्या माणसाला काहीच तपासता येत नाही. प्रिंटच्या मागे नंबर टाकायचा तर मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने, चित्राच्या मागे मधोमध नाही. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालायच्या आधी लिहा.

प्रेसचे फोटो असतील तर मागे कॅप्शनची चिठ्ठी, एजन्सीचे शिक्के, तारखा असतात आणि पुढे पांढऱ्या-करड्या रंगाने केलेलं टचअप, कापायच्या खुणा. हे सगळं तसंच राहू द्या, पेपरात तो फोटो कसा वापरला त्याचा तो पुरावा आहे.

स्कॅन आणि ठेवण

स्कॅनरची काच स्वच्छ, प्रिंटसाठी किमान ६०० डीपीआय, छोट्या टिनटाइप आणि निगेटिव्हला त्याहून बरंच जास्त, रंगीत मोडमध्येच (काळापांढरा फोटो असला तरी, कारण पिवळेपणा, शाई, डाग हीसुद्धा माहिती), मास्टर फाइल टिफमध्ये, दोन्ही बाजू, पुठ्ठ्याच्या कडांसकट. मास्टरला हात लावायचा नाही, डाग काढणं, उजळ करणं सगळं कॉपीवर. अ‍ॅपने रंग भरलेली किंवा चेहरे "सुधारलेली" कॉपी मास्टरच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. ते अ‍ॅप कान स्वतःच्या मनाने बनवतं, आणि आपण ओळखतोय कानावरून! वळलेला लांबच्या लांब पॅनोरमा निघाला (१९०४ ला सर्कट कॅमेरा आला त्यानंतर टीम आणि प्रेक्षकांचे असे फोटो खूप निघाले) तर जोर करून उलगडू नका, मधून तडकतो, त्याला आधी हळूहळू दमटपणा द्यावा लागतो आणि ते काम कॉन्झर्व्हेटरचं.

ठेवायला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची पाकिटं, नाहीतर पीएटी चाचणी (कागद फोटोला अपाय करत नाही ना, ते बघणारी) पास झालेला कागद. पीव्हीसी नको, रबरबँड नको, पेपरक्लिप नको, लॅमिनेशन तर जन्मात नको. पुठ्ठा ठिसूळ झालेला मोठा टीमफोटो खाली ताठ आधार देऊन आडवा ठेवा. जागा थंड, कोरडी, तापमान आणि दमटपणा वरखाली न होणारी. २१ अंश सेल्सियसच्या खाली आणि दमटपणा ३० ते ५० टक्क्यांत राहिला तर उत्तम. माळा आणि तळघर दोन्ही बाद. भिंतीवर लावायचा तर स्कॅनची प्रिंट लावा, मूळ नाही.

विकत घेत असाल तर

भिंगातून ठिपके दिसले तर तो छापलेला फोटो, मूळ प्रिंट नाही. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळापांढरा झगमगला तर १९५० च्या आसपास किंवा त्यानंतरचा कागद, मग वर कितीही जुना टीमफोटो असो. पुठ्ठा जुना आणि वरचा प्रिंट नवा, असेही प्रकार होतात, तेव्हा कड नीट बघा, प्रिंट आणि पुठ्ठा सारखेच जुने झालेत का. १८९४ च्या मेयो तंबाखूबरोबर मिळणाऱ्या कार्डांचा सेट, ३५ कार्डांचा, हार्वर्ड-येल-प्रिन्सटनच्या खेळाडूंचा, यात तुमचा माणूस असेल तर कार्डावरच्या चित्राची तुमच्या प्रिंटशी तुलना करायला चांगला आधार मिळतो.

हक्क आणि दान

प्रिंट तुमचा म्हणून कॉपीराइट तुमचा, असं नसतं. अमेरिकेत त्या काळी प्रकाशित झालेल्या फोटोचा कॉपीराइट जास्तीत जास्त ९५ वर्षांचा. कधीच प्रकाशित न झालेला असेल तर फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि फोटोग्राफर अनोळखी असेल तर काढल्यापासून १२० वर्षं. म्हणजे १८९० च्या दशकातल्या बहुतेक फोटोंची चिंता नाही, पण १९२० च्या घरगुती स्नॅपशॉटची असू शकते, हे ऑनलाइन टाकायच्या आधी बघा.

दान करायचं ठरवलं की प्रश्न येतो कुठल्या कॉलेजला, जिथे खेळला तिथे की जिथे कोच होता तिथे. माझं मत ठाम आहे, वाटून देऊ नका. जिथे सगळ्यात जास्त वर्षं गेली किंवा जिथली अर्काइव्ह नीट सांभाळणारी आहे त्या एका ठिकाणी मूळ संग्रह अख्खा द्या आणि बाकीच्या कॉलेजांना स्कॅन आणि ते स्प्रेडशीट द्या. देताना डीड ऑफ गिफ्ट (दानपत्र) लेखी करा, त्यात संग्रह फोडून विकणार नाही, नको असेल तर आधी परत विचारतील, असं घालता येतं का ते विचारा. अमेरिकेत टॅक्समध्ये सूट घ्यायची असेल आणि तुम्ही लावलेली किंमत ५,००० डॉलरच्या वर जात असेल तर स्वतंत्र पात्र मूल्यांकनकाराकडून किंमत करून फॉर्म ८२८३ भरावा लागतो, आणि ज्या अर्काइव्हला देताय तिलाच किंमत करायला सांगता येत नाही, तेव्हा हे काम खोकी पाठवायच्या आधी उरका.